टाळूची प्लेट

टेबलावर प्लास्टरच्या साच्याचे दोन अर्धे होते, एकमेकांवर ठेवून सुतळीने आवळलेले. आत अठ्ठावीस ग्रॅम सिलिकॉन. शेजारी त्याच सिलिकॉनच्या लगद्याच्या दोन डब्या, एक पांढरी, एक निळी; दोन्ही सारखं घेऊन मळलं की ते घट्ट होतं. दोन्हींत मिळून एकतीस ग्रॅम उरलं होतं. एका बशीत माणिकबाईच्या टाळूची प्लेट, तीन तुकडे, मेणाने जोडलेले. साचा तिच्यावरूनच घेतला होता.

डबीवर घट्ट व्हायला वीस मिनिटं लिहिली होती. सीमाने पस्तीस जाऊ दिली, मग सुतळी सोडली. वरचा अर्धा उचलला तसं सिलिकॉन दोन्हीकडे डिंकासारखं ताणत गेलं.

अमरावतीच्या या कार्यशाळेत सीमाकडे लोक साबणाचे नाहीतर मेणबत्त्यांचे साचे शिकायला येत. गोवर्धन बडनेऱ्याच्या पुढचा शेवंतीचा मळा सोडून दहा दिवस येत होता तो बायकोसाठी. कॅन्सरच्या ऑपरेशननंतर माणिकबाईच्या टाळूला भोक राहिलं होतं. ते बुजवणारी प्लेट धुताना दगडावर पडली. नवीनसाठी दवाखान्यात तारीख मिळाली होती ती तेवीस दिवसांनंतरची. प्लेटशिवाय ती जे गिळे त्यातलं अर्ध्याहून जास्त नाकावाटे परत येई. वजन चौतीस किलो होतं, आणि कालपासून तिने पेजही तोंडाला लावली नव्हती.

सीमाने त्याला दोनदा नाही म्हटलं होतं. हे सिलिकॉन खाण्याच्या वस्तूंना चालतं, पण तोंडात किती दिवस टिकेल, काय करेल, तिला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या वेळी गोवर्धनने विचारलंच नाही. माणिकबाईलाच सोबत आणलं. ती भिंतीकडच्या बाकावर बसली होती, पदर नाकाशी धरून.

"भाऊ, कणीक कच्चीच राह्यली काय तुमची?" पलीकडे साबण ओतणाऱ्या बेबीताईने विचारलं. गोवर्धनने तिकडे पाहिलं नाही.

सीमाने चिकट लगद्याला बोट लावलं. मधला भाग थोडा घट्ट झाला होता. जिथे दाबताना बोटं लागली होती, तिथे पातळच राहिला होता. माप बरोबर होतं, तिनेच केलं होतं. मळताना गोवर्धनने रबरी हातमोजे घातले नव्हते. रबरात गंधक असतं, गंधक लागलं की हे सिलिकॉन घट्ट होत नाही, असं तिनेच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. म्हणून तर त्याने साबणाने तीनदा धुऊन उघड्या हातांनी मळलं होतं.

"काका, सकाळी काय काम केलंत?"

"शेवंतीवर भुरीचा रोग आला न. गंधक धुरळून आलो." बोलता बोलता तो थांबला. आपल्या नखांकडे पाहिलं. मग दोन्ही हात अंगापासून लांब धरून टेबलापासून मागे सरकला.

सीमाने साचा खरवडला, स्पिरिटने पुसला, पुन्हा पुसला. नवा माल पुढच्या आठवड्यात येणार होता. तिने एकतीस ग्रॅमकडे पाहिलं आणि आपल्या हातांकडेही. मघाशी तिनेही तो लगदा चाचपला होता. ती बेबीताईला हाक मारणार, तेवढ्यात माणिकबाई उठली. शब्द नाकातून येत होते, अर्धे हवेतच जात होते, तरी कळले.

"मी मळतो. सारी जिंदगी कणीक म्याच मळली."

आठ महिन्यांत ती मळ्यात गेली नव्हती. बेबीताईने तिच्या हातांवर स्पिरिट ओतलं आणि दोन्ही डब्यांतला लगदा सारखा मोजून दिला. माणिकबाईने तो तळहातावर घेतला, अंगठ्याने दुमडला, दाबला, पुन्हा दुमडला. पांढऱ्यातल्या निळ्या रेषा बारीक होत गेल्या आणि एकच रंग झाला. तिने तो स्वतः साच्यात दाबला. गोवर्धन दाराशी उभा होता, हात तसेच लांब. कोणी त्याला बस म्हटलं नाही.

विसाव्या मिनिटाला साचा सोडला. प्लेट सुटी निघाली. नखाने दाबली तर ठसा उमटला नाही. सीमाने कडा कापल्या, प्लेट उकळत्या पाण्यात ठेवली, निववली. माणिकबाईने पाठ फिरवून ती तोंडात बसवली. दोनदा काढून पुन्हा बसवली.

"हळू पे," गोवर्धन दारातूनच म्हणाला.

सीमाने मापाने शंभर मिली पाणी पेल्यात ओतलं आणि माणिकबाईच्या नाकाखाली वाटी धरली. ती घोट घोट पीत राहिली. मध्ये एकदा ठसका लागला, तिने हाताने थांबा अशी खूण केली, आणि पेला रिकामा केला.

सीमाने वाटीत नाकावाटे आलेलं पाणी मापात ओतलं आणि माप डोळ्यांच्या रेषेत धरलं. शंभरातलं सव्वीस मिली.