चहाच्या वेळचा प्रश्न

"चहा ठेव आणि थांब तिथेच," सर म्हणाले. कुमुदने कप त्यांच्यापुढे ठेवला आणि ती फळ्याशी उभी राहिली. शिकवणीच्या मुलांपुढे नवऱ्याचा हा खेळ रोज संध्याकाळी चालायचा.

फळ्यावर दोन इंग्रजी शब्द होते. बॉरो म्हणजे उसनं घेणं, त्याच्यासोबत फ्रॉम येतो. लेंड म्हणजे उसनं देणं, त्याच्यासोबत टू. "शेजारणीकडे साखर मागायची आहे. बोल इंग्रजीत!"

कुमुद अडखळली. "प्लीज... बॉरो मी शुगर."

"बॉरो मी! ऐकलंत? माझ्या घरात एवढी वर्षं काढून ही अक्कल! हसा रे, हसा!"

एरवी मुलं खिदळायची. आज कुमुदने रिकामा ट्रे तोंडापुढे धरला आणि पुढच्या बाकावरच्या माना खाली गेल्या. कुणीच हसलं नाही.

सरांचं डोकं सणकलं. "ईशानी, तू सांग हिला."

ईशानी शिकवणीतली सगळ्यांत हुशार मुलगी. तिचं उत्तर कधी चुकायचं नाही. ती उठली आणि कुमुदकडे बघत खणखणीत आवाजात म्हणाली, "प्लीज बॉरो मी शुगर."

"काय? बस खाली! पुष्कर, तू!"

"प्लीज बॉरो मी शुगर, सर."

मागच्या बाकावरूनही तेच आलं. मग त्याच्या शेजारून. सर लालबुंद झाले, हातातला खडू मोडला. "माझी टिंगल करता?"

कुमुदने त्यांच्यापुढचा वाफाळता कप उचलून परत ट्रेमध्ये ठेवला.

"हसा ना आता," ती नवऱ्याला म्हणाली आणि चहा घेऊन आत गेली.