दिवसाला वीस

थोरली बहीण फुप्फुसाच्या कॅन्सरने गेली. तिने जन्मात कधी सिगारेटला हात लावला नव्हता. तेव्हापासून धाकटीला शिवताना साधा ठसका लागला, तरी मशीनवरचा पाय थांबायचा. शेवटी मोफत स्कॅनच्या शिबिरात ती सकाळीच जाऊन उभी राहिली.

"सिगारेट ओढता?" टेबलावरच्या बाईंनी विचारलं.

"छे हो!"

"मग ही तपासणी तुमच्यासाठी नाही. फक्त ओढणाऱ्यांसाठी आहे. चला, पुढचे कोण?"

ती फाटकापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. जीव थाऱ्यावर नव्हता. दुपारी टेबलावर दुसऱ्या बाई दिसताच ती रांगेत शिरली आणि मनातल्या मनात सिगारेट ओढणाऱ्या दाजींची माफी मागून त्यांचाच आकडा ठोकून दिला.

"दिवसाला वीस. तीस वर्षं झाली."

बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, व्यसनमुक्तीचं पत्रक हातात कोंबलं आणि आत सोडलं.

आठवड्याने डॉक्टरांनी स्कॅनवर बोट ठेवलं. "गाठ आहे, पण वाटाण्याएवढी. वेळेत सापडली, काढता येईल."

तिला धड रडताही येईना.



"एका परीने बरंच झालं, तुम्ही सिगारेट ओढता," डॉक्टर म्हणाले, "नाहीतर आम्ही तुम्हाला दारातूनच परत पाठवलं असतं."