गच्चीवरची तार

"ही गुप्तहेराची गच्ची," बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या जुन्या घरासमोर थांबून रघुनंदन पर्यटकांना इंग्रजीत सांगत होता. "ती तार दिसते ना? तिच्यावरून तो शत्रूला संदेश पाठवायचा." सगळ्यांचे मोबाइल वर झाले. घर रघुनंदनचंच होतं आणि गुप्तहेर म्हणजे त्याचे वडील; त्यांच्यावर एकेकाळी हेरगिरीचा खटला झाला होता. त्या तारेवर आपली लुगडी वाळतात, असं आईने कोर्टात शपथेवर सांगितलं, तेव्हा कुठे ते निर्दोष सुटले. सुरुवातीला रघुनंदन हेही सांगायचा, पण लोक जांभया द्यायचे. आईला इंग्रजी येत नाही, एवढाच त्याला दिलासा होता. हेरकथांची फेरी संपवून तो घरी आला, तेव्हा धुतलेली लुगडी बादलीतच पडली होती. "अजून वाळत घातली नाहीस?" "सरी, बरं, गेली ना तुझी माणसं? आता घालते," आई म्हणाली. "दर रविवारी थांबते. लुगडी आड आली, तर त्यांना तार कशी दिसणार?"