मुखपृष्ठावरचा फोटो

यंत्राच्या खडखडाटात घाईला फोनवरचं निम्मंच ऐकू आलं. ती छापखान्याच्या मागच्या दारात जाऊन उभी राहिली.

"पुन्हा सांगता का?"

"त्यांचा एक फोटो आहे माझ्याकडे," पलीकडचा म्हातारा आवाज म्हणाला. "तरुणपणीचा. जुने फोटो हवेत, हे पेपरातलं तुमचं निवेदन वाचलं, म्हणून फोन केला."

घाईने फोन कानाशी घट्ट धरला. ती जन्मलीच महिनाभर आधी, म्हणून पणजीने तिला घाई म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव तिला कायमचं चिकटलं. पणजी सत्त्याण्णवाव्या वर्षी गेली. येत्या रविवारी त्याला वर्ष होणार होतं, आणि घाई तिच्या आठवणींचं पुस्तक काढत होती. चौसष्ट पानं लागून तयार होती. अडलं होतं ते फक्त मुखपृष्ठ. पणजीचा पन्नाशीच्या आधीचा एकही फोटो घरात नव्हता.

"कधी आणाल?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा."

"आज?"

ते म्हणाले, "दुपारच्या गाडीने निघतो. माझी बेकरी आहे, पोराला बसवतो गल्ल्यावर."

चार वाजेपर्यंत बातमी सगळ्या घरभर झाली. काका कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला. आत्याआजी, म्हणजे पणजीची मुलगी, गुडघे दुखत असतानाही दोन जिने चढून आली आणि धापा टाकत म्हणाली, "आई तरुणपणी कशी दिसायची ते मलासुद्धा आठवत नाही गं. मी शहाणी झाले तेव्हा तिचे केस पांढरे व्हायला लागले होते."

पाहुणे येईपर्यंत घाईने पुस्तकातला मजकूर वाचून दाखवला. पणजीची पहाटेची प्रार्थना त्यात होती. अंगात ताप असो की घरात लग्न, उजाडायच्या आत ती खिडकीशी डोळे मिटून बसायची. "देवा, माझ्या चौघांना सुखात ठेव," इथून सुरुवात, आणि मग सुना, जावई, नातवंडं, पतवंडं, एकेकाचं नाव घेऊन.

"चौघांना म्हणजे आम्ही तिघं भावंडं आणि बाबा," आत्याआजीने खुलासा केला. "बाबांनाही ती लेकरांतच धरायची. होतेच तसे ते." सगळे हसले.

कुणी गावाला निघालं, की पणजी दारात येऊन विचारायची, "परत कधी?" सांगितलेला दिवस टळला, तर ती माणूस घरी येईपर्यंत जेवायची नाही. काकाने एकदा सहल दोन दिवस लांबवली, तेव्हा पणजी दोन दिवस नुसत्या पाण्यावर होती. तो किस्सा काकाने स्वतःच लिहून दिला होता, शेवटी तीन वेळा 'चुकलो' असं लिहून.

आजोबांनी, म्हणजे पणजीच्या थोरल्या मुलाने, तेवढं एक अक्षरही दिलं नव्हतं. "लिहीन," म्हणायचे आणि पेन खिशाला लावून फिरायला निघून जायचे. आताही ते कोपऱ्यातल्या खुर्चीत गप्प बसले होते.

बेल वाजली. घाईने दार उघडलं. दारात पंचाहत्तरीचे, ताठ कण्याचे गृहस्थ होते. भुवयांत पीठ अडकलेलं, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली चौकट.

"भट्टीच्या खोलीत टांगलेला असतो," ते कागद सोडवत म्हणाले. "म्हणून कडा पिवळ्या पडल्यात."

फोटोत पंचविशीच्या आतली एक बाई खुर्चीत बसली होती. कपाळ मोठं, हनुवटी जराशी वर, फोटोवाल्याने हसू नका म्हणून बजावलं असावं आणि तिला ते जमलं नसावं. मांडीवर दोनेक वर्षांचं गुटगुटीत पोर.

"आई," आत्याआजी म्हणाली आणि डोळे पुसायला लागली.

मग एकच गलका उडाला. काकाने फोटो खिडकीपाशी नेला. कुणी मोबाइल काढले, कुणी शेजारणीला हाक मारली.

"आणि हे मांडीवरचं ध्यान म्हणजे आजोबा," घाई नाचायचीच बाकी होती. "कान बघा ना, तेच कान."

"अगदी तेच," काका म्हणाला. "अजूनही तसेच बाहेर आलेत."

घाईने तिथल्या तिथे छापखान्याच्या मालकांना फोन लावला. मुखपृष्ठ मिळालं, उद्या सकाळी छापायला घेऊ. खाली ओळ काय टाकायची तेही तिने ठरवून टाकलं: 'आई आणि तिचा थोरला'.

"छापण्याआधी एक दुरुस्ती कराल का?" बेकरीवाले हातातला कप खाली ठेवत म्हणाले. "मांडीवरचा मुलगा मी आहे."

आत्याआजी ओल्या डोळ्यांनीच हसली. "तुम्ही कसे असाल? ती आमची आई आहे."

"तुम्हाला तसंच वाटणार. तुम्ही फार लहान होता." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "एका घरातली बाळंतीण गेली होती, मागे तीन मुलं. त्यांना पंधरा दिवस सांभाळायचं काम मिळालं, म्हणून मला मामाकडे ठेवून ती इथे आली. पंधरा दिवसांनी येते म्हणाली होती."

सगळ्यांनी आजोबांकडे पाहिलं. हे सगळं खोटं आहे, एवढंच त्यांनी म्हणायचं होतं.

आजोबा खुर्चीच्या हाताला धरून उठले आणि पाहुण्यांसमोर जाऊन उभे राहिले.

"मी पाच वर्षांचा होतो," ते म्हणाले. "सोळाव्या दिवशी ती तुमच्याकडे यायला निघाली, तेव्हा मीच तिच्या चपला विहिरीत टाकल्या."