एक नटही दिसता कामा नये

"हे इंजिन नाही, बाबा! हा तुम्ही माझ्या गळ्यात बांधलेला धोंडा आहे!"

जावई चढाच्या मधोमध उभा राहून ओरडत होता. त्याच्या मागे जीप निळा धूर सोडत निपचित पडली होती. आत सासरे गुडघ्यांवर हात ठेवून शांत बसले होते. जमीनमोजणीच्या नोकरीत बावीस वर्षं त्यांनी हीच जीप डोंगरांवर चढवली होती आणि निवृत्त झाल्यावर ती जावयाला विकली होती. फुकट दिली असती, तर बिचाऱ्याला ओरडताही आलं नसतं.

"इंजिनाला काही धाड भरलेली नाही," सासरे म्हणाले. "पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. तेवढ्या बदला, पुढची दहा वर्षं बघायला नको. दोष गाडीत नाही, जावईबापू. स्टिअरिंगच्या मागे आहे."

मागच्या सीटवर बायको हसली. सख्खी बायको.

जावयाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा महिने त्याने काय कमी सोसलं होतं? खिडकीची काच पान्याने खाली करावी लागे. हॉर्न फक्त डावीकडे वळताना वाजे, त्यामुळे उजवीकडचं जग त्याला कायम बेसावध सापडे. आणि तेल मोजायची पट्टी? मूळची कधीच दरीत पडली होती. तिच्या जागी सासऱ्यांनी मोडक्या छत्रीची काडी कापून, कानशीने दोन खाचा पाडून खुपसली होती. चटकन सापडावी म्हणून सासूबाईंनी तिच्या टोकाला लोकरीचा गोंडा विणून दिला होता. ज्या माणसाने इंजिनात छत्री घातली, तो मला गाडी शिकवणार!

"इंजिन बदलतो!" जावई गरजला. "अख्खं! आणि जुनं इंजिन चांगलं होतं असं कोणी सिद्ध केलं, तर जन्मात स्टिअरिंगला हात लावणार नाही. बाजूला बसेन. पिशव्या धरीन!"

"आणि दोष इंजिनाचा निघाला, तर मी चारचौघांत कबूल करीन," सासरे म्हणाले. "लिहून नको. माझ्या लक्षात राहतं."

गॅरेजमध्ये मिस्त्रीनेही इंजिनाला कान लावून तेच सांगितलं. "रिंगा बदलू साहेब. आठ दिवसांत देतो."

"तुम्हाला सासऱ्यांनी फोन केला होता का?"

"नाही हो."

"मग बदला! ह्या इंजिनाचा एक नटही मला परत दिसता कामा नये."

"नाही दिसणार," मिस्त्री म्हणाला.

त्याच संध्याकाळी भंगारवाल्याचा टेम्पो आला आणि जुनं इंजिन घेऊन गेला. जावयाने त्याला टाटा केला. तीन आठवड्यांनी भंगारवाल्याचाच टेम्पो दुसरं इंजिन घेऊन आला. नखशिखांत चंदेरी, आरशासारखं. "बंदरावर उतरलंय. परदेशी माल," मिस्त्री म्हणाला. "हल्लीच कोणीतरी नव्या रिंगा टाकल्यात. नशीब काढलंत."

इंजिन पहिल्या किल्लीला सुरू झालं. धूर नाही, धडधड नाही. जावयाने घरी येऊन जाहीर केलं, "रविवारी बाबांना घेऊन त्याच चढावर जायचं."

रविवारी सकाळी, सासरे यायच्या आधी, त्याने तेल बघायला बॉनेट उघडलं. पट्टी चंदेरी होती. ओढली. हातात एक बारीक काडी आली. तिला दोन खाचा होत्या. वरच्या टोकाला गोंडा होता आणि भंगारवाल्याने कर्तव्यबुद्धीने त्यालाही चंदेरी रंग मारला होता.

जावयाने खाचांवरून बोट फिरवलं. मग त्याने मिस्त्रीला फोन लावला. चोर! दरोडेखोर! माझंच इंजिन रंगवून मला विकता? रिंगा बदलल्या आणि...

आणि चाललं. म्हणजे इंजिन चांगलंच होतं. म्हणजे पिशव्या.

"हॅलो? बोला साहेब," मिस्त्री म्हणाला.

"इंजिन..." जावयाचे दात एकमेकांवर घासले. "इंजिन छान चालतंय."

आयुष्यात एवढा मोठा संताप त्याने कधी गिळला नव्हता. काडी फेकावी, तर भोकातून तेल उडणार. निदान गोंडा कापावा म्हणून त्याने कात्री लावली. रंगाने गोंड्याचा दगड झाला होता. कात्रीच वाकली. तेवढ्यात फाटक वाजलं, आणि त्याने काडी खुपसून बॉनेट लावून टाकलं.

जीप तो चढ हरणासारखी चढली. माथ्यावर पोचल्यावर सासरे उतरले आणि बावीस वर्षांच्या सवयीने पुढे गेले.

"तेल मी बघितलंय, बाबा!"

"मोजणीवाला दोनदा मोजतो," सासरे म्हणाले आणि त्यांनी बॉनेट उघडलं.

त्यांनी काडी ओढली. रुमालाने पुसली. परत घातली, परत ओढली, खाचा डोळ्यांजवळ नेल्या. गोंड्यावर नखाने टिचकी मारली. टण् आवाज आला. त्यांनी काडी होती तिथे नीट बसवली आणि बॉनेट हळूच लावलं.

"तेल बरोबर आहे," ते म्हणाले. "इंजिन परदेशी म्हणालात ना?"

"हो," जावई म्हणाला. ऐकू येईल न येईल असं.

"म्हणजे तिकडच्या लोकांच्याही छत्र्या मोडतात," सासरे म्हणाले आणि त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला.