खाचांची पट्टी

तिसरी खाच पाडून झाली तशी दादूनं कानस खाली ठेवली आणि अंगठ्याचं नख खाचेत फिरवून पाहिलं. नख नेमकं बसलं. डोळ्यांवर भरवसा ठेवणं त्यानं दिवाळीपासूनच सोडलं होतं. मिरजेच्या डॉक्टरनं दोन्ही डोळ्यांत दिवा धरून सांगितलं होतं, गेलं ते येणार नाही, आणि राहिलंय तेही टिकणार नाही. हे त्याच्या बायकोला, काशीला, तेवढं ठाऊक होतं. तिसऱ्या कुणाला कळलं तर चूल पेटायची नाही, हेही दोघांना ठाऊक होतं. आंधळा सुतार कोण कामावर ठेवील?

खाडीकाठी आप्पा शेट्यांचा आंब्याच्या पेट्यांचा कारखाना होता. तेलाच्या इंजिनावर पट्ट्यानं फिरणारी गोल करवत मेजाच्या मधोमध वर आलेली, आणि तिच्या शेजारी एक आडपट्टी. फळी त्या पट्टीला टेकवून पुढं सारायची, की सरळ चिरत जाते. जुनी पट्टी लाकडाची. रुंदी बदलायची म्हणजे दर खेपेला गज लावून मोजा आणि पाचर ठोका. गजावरच्या रेघा दिसेनाशा झाल्यापासून दादूच्या फळ्या कुठं कमी, कुठं जास्त भरू लागल्या, आणि मुंबईच्या बोटीवर चढवताना पेट्या खिळखिळ्या होऊ लागल्या. त्यानं सगळं खापर त्या बिचाऱ्या पट्टीवर फोडलं. "लाकूड फुगलाय, आप्पा. लोखंडाची करू या," म्हणाला. लोहाराकडून तुकडे घडवून आणले आणि महिनाभर खपून नवी पट्टी स्वतः बसवली. मेजाच्या कडेला लोखंडी दांडी, दांडीवर तीन खाचा, आणि पट्टी सरकवली की खाचेत पडणारी खुंटी. पहिल्या खाचेवर पेटीची बाजू, दुसरीवर तळ, तिसरीवर झाकण. बोटांनी खाच चाचपली की झालं. गज नको नि डोळेही नकोत.

"दादूभाऊ, झाला काय तुझा महाल बांधून?" इंजिनावरच्या अलीनं दारातून विचारलं.

"झाला. चढव पट्टा."

करवत फिरू लागली. दादूनं खुंटी पहिल्या खाचेत पाडली, फळी टेकवली आणि लाकडी दांड्यानं पुढं रेटली. फळी एका दमात चिरली गेली. कडेवरून त्यानं तळहात फिरवला. मग तळाच्या चिरल्या, झाकणाच्या चिरल्या. हात एकदाही अडखळला नाही. हा हंगाम निभावेल, पुढचाही निभावेल, असं मनात येऊन त्याला इतका आनंद झाला की अलीला उगीचच एक शिवी हासडावीशी वाटली.

आप्पा आले. चिरलेल्या फळ्या त्यांनी एकीवर एक रचल्या, डोळा बारीक करून कडा पाहिल्या.

"वा रे पठ्ठ्या! केसाचा फरक नाय." खुंटी दोनदा उचलून पाडून पाहिली. "ह्याला आता डोकं लागायचं नाय. उद्यापासून रघू हमालाला उभा करतो इथं."

दादूनं खुंटीवर हात ठेवला. "रघूला नाय जमायचा, आप्पा."

"अरे, ऐकून तर घे. तुला काय काढतोय? तुझ्यासारख्या कारागिराला पेट्या चिरत बसवणं हेच माझं चुकलं. वकिलांच्या नव्या घराचा देव्हारा आपल्याकडं आलाय, नक्षीचा. तो तू करायचास. तुझ्यासारखी नजर रत्नागिरीत दुसऱ्या कुणाची आहे?"

त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर दादूला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

"मला हीतच बरा वाटता," तो म्हणाला.

"गप. मान मिळतोय तो घ्यावा." आप्पांनी कोटाच्या खिशातून गुंडाळी काढली आणि त्याच्या हातात दिली. "वकिलांनी स्वतः काढलंय. दोन मोर नि वर वेल. बघ."

दादूनं कागद उलगडला. समोर नुसता पांढरा धूर होता. पेन्सिल बारीक असणार, त्याला वाटलं. त्यानं हळूच अंगठा फिरवून पाहिला, पण रेघा काही बोटाला लागत नव्हत्या. त्यानं कागद लांब धरला, मान तिरपी केली, जाणकारानं पाहावं तसं पाहिलं. अली इंजिन पुसायचा फडका हातात तसाच धरून त्याच्याकडे पाहत राहिला.

"मोर झकास हायत," दादू म्हणाला. "वेल जरा नाजूक हाय. पण जमेल."

आप्पांनी कागदाकडं पाहिलं. मग त्याच्या डोळ्यांकडं पाहिलं. करवत मोकळीच फिरत होती.

"दादू," ते हलक्या आवाजात म्हणाले, "चित्र मागल्या बाजूला आहे."

दादूनं कागद उलटा केला नाही. "आप्पा, पाया पडतो, मला करवतीवरच ठेवा. हीत बोटांना सगळा कळता. बगा, दावतो तुमाला," म्हणत त्यानं खाचांकडं हात नेला. हात अगदी बरोबर चालला होता. पण त्या वाटेपासून फिरतं पातं वीतभरच होतं.

"पट्टा काढ!" ते अलीवर ओरडले आणि त्यांनी दादूचं मनगट पकडलं.

करवत थांबली. आप्पांनी मनगट सोडलं नाही. त्यांनी दुसरा हात त्याच्या पाठीवर ठेवला आणि त्याला हळूहळू मेजापासून दाराकडं नेलं. बावीस वर्षं रोज दादू त्या दारातून आत आला होता, डोक्यावर फळ्यांची चळत असतानाही.

"जपून हां, दादू," आप्पा म्हणाले. "पुढं पायरी आहे."