चारही कोपरे

"बटण दाबण्याआधी फ्रेमचे चारही कोपरे बघायचे आणि नको ते बाहेर काढायचं," असं सदाशिव पेठेतल्या फोटोग्राफीच्या क्लासमध्ये सरांनी पहिल्याच रविवारी सांगितलं आणि इंद्रजीतने ते फारच मनावर घेतलं. मांजरी भागातल्या त्याच्या फ्लॅटमध्ये चांगला उजेड एकाच खिडकीशी यायचा, आणि नेमकी तिथेच त्याच्या आईची खुर्ची. महिनाभर तो बायकोचे आणि मुलीचे फोटो काढत राहिला आणि दर वेळी म्हणत राहिला, "आई, जरा सरक ना, तुझी काठी येतेय. चारही कोपरे मोकळे पाहिजेत."

महिन्याअखेरीस सरांनी त्याचे फोटो एकेक करून पाहिले.

"स्वच्छ आहेत. घरी कोण कोण असतं?"

"मी, बायको, मुलगी आणि आई."

"आई गावाला गेल्यात का?"

इंद्रजीत ओशाळला. घरी येताच त्याने कॅमेरा काढून स्टँडवर लावला. आज आईला मधोमध बसवायचं आणि बाकीच्यांनी तिच्या भोवती उभं राहायचं, असं त्याने वाटेतच ठरवलं होतं. तिला हाक मारायला तो वळला, तर खिडकीशी खुर्चीच नव्हती.

आई स्वयंपाकघरात सापडली. खुर्ची, चपला, औषधांची पिशवी, सगळं आत ओढून घेऊन, काठी पोटाशी धरून ती फ्रिजला चिकटून उभी होती.

"काढ बिनघोर," ती म्हणाली. "चारी कोपरं बघून आलेय मी. माझं काय बी ऱ्हायलं न्हाई तिथं."